दोषशोधन अनुयोजक फलक

सूक्ष्मनियंत्रकाच्या चिपमध्ये चालू असलेली आज्ञावली हव्या त्या ठिकाणी थांबविणे, ती एकेका आदेशाने पुढे नेणे आणि त्या क्षणी चिपच्या स्मृतीत कोणती मूल्ये आहेत ती वाचणे यांसाठी संगणक व चिप यांच्या दरम्यान जे लहान इलेक्ट्रॉनीय मंडल जोडावे लागते, त्याला दोषशोधन अनुयोजक असे म्हणतात. बाजारात तो डीबग ॲडॅप्टर या नावाने ओळखला जातो. संगणकाकडून यूएसबी तारेने येणारे संदेश आणि चिपला समजणारे विद्युत् संकेत यांची भाषा, वेग व दाबपातळी ही तिन्ही वेगळी असतात. त्यांचा मेळ घालणे हे अनुयोजकाचे कार्य होय. कारखान्यात तयार झालेले अनुयोजक विकत मिळतात. तथापि हौशी अभ्यासकाला असा फलक थोडक्या खर्चात घरी तयार करता येतो. तो तयार करताना ज्या अडचणी येतात त्यांपैकी बहुतेक मूलभूत विद्युत् शास्त्राच्या असतात, संगणकशास्त्राच्या क्वचितच असतात.

आवश्यकता : सूक्ष्मनियंत्रकात प्रक्रियक, स्मृती आणि आदान-प्रदानाची साधने एकाच चिपवर असतात [→ सूक्ष्मप्रक्रियक]. त्याला पडदा नसतो व कळफलकही नसतो. आज्ञावली अपेक्षेप्रमाणे चालली नाही, तर चिप केवळ गप्प बसते किंवा भलतेच काही करते. का, ते कळण्यास बाहेरून मार्ग नसतो. अशा वेळी हौशी मंडळी प्रकाश-उत्सर्जक डायोड लुकलुकविणे किंवा जागोजागी मूल्ये एकसरी मार्गाने संगणकाकडे पाठवून ती पडद्यावर वाचणे हे उपाय योजतात. हे उपाय टाकाऊ नाहीत, परंतु त्यांना मर्यादा आहेत. दर सेकंदास ९,६०० बिट या वेगाने एक अक्षर पाठविण्यास १० बिट, म्हणजे सु. १.०४ मिलिसेकंद लागतात. १६ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालणाऱ्या चिपमध्ये तेवढ्या अवधीत सोळा हजारांवर घटीस्पंद होऊन जातात. पाठवावयाच्या अक्षरांची तात्पुरती साठवणजागा भरली की, मूळ आज्ञावली खोळंबते व तिची कालगणना बदलते. परिणामी कालगणनेतील दोष शोधण्यासाठी घातलेल्या आदेशांनीच तो दोष नाहीसा होतो आणि ते आदेश काढून टाकताच पुन्हा अवतरतो. हा अनुभव या क्षेत्रात काम करणाऱ्या बहुतेकांस येतो. अनुयोजकाद्वारे चिपच्या आत डोकावता आले, तर मूळ आज्ञावलीत एकाही अक्षराचा बदल करावा लागत नाही.

पूर्वेतिहास : यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची प्रथा संगणकाहून जुनी आहे. १९४७ मध्ये हार्व्हर्ड येथील मार्क–२ या संगणकाच्या रिलेमध्ये खरोखरच एक पतंग सापडला व तो नोंदवहीत चिकटविण्यात आला ही गोष्ट प्रसिद्ध असली, तरी टॉमस एडिसन यांनी १८७८ मध्येच हा शब्द या अर्थाने वापरलेला आढळतो. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्‌सचा टीएमएस १००० (१९७४), इंटेलचे ८०४८ (१९७६) व ८०५१ (१९८०) हे सूक्ष्मनियंत्रक बाजारात आले, तेव्हा दोषशोधनासाठी मूळ चिप खोबणीतून काढून तिच्या जागी प्रतिरूपक नावाचे मोठे यंत्र जोडीत. ते चिपचे सर्व वर्तन बाहेरून घडवून आणी. त्याची किंमत मोठ्या संस्थांनाच परवडण्याजोगी असे.

पुढे चिपमधील अर्धसंवाहक घटकांची संख्या वाढली आणि दोषशोधनाची यंत्रणा चिपच्या आतच घालणे स्वस्त पडू लागले. फलकांवरील जोडांची चाचणी घेण्यासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप या गटाने आखलेली पद्धत १९९० मध्ये आयईईई ११४९.१ या क्रमांकाचे प्रमाण म्हणून मान्य झाली. जेटॅग या नावाने ओळखली जाणारी ही चार तारांची पद्धत पुढे दोषशोधनासाठीही रूढ झाली. संगणकांना समांतर द्वार असे तोपर्यंत ७४एचसी२४४ यासारखी एखादी प्रवर्तक चिप व काही रोधक एवढ्यावर हौशी मंडळी जेटॅगची जोडणी घरी करीत. मांडीवरील संगणकांतून ते द्वार नाहीसे झाल्यावर ही सोपी वाट बंद झाली. यूएसबी मार्गासाठी अनुयोजकावरच एखादा नियंत्रक असणे भाग पडले. म्हणजे एका सूक्ष्मनियंत्रकाचा दोष शोधण्यास दुसरा सूक्ष्मनियंत्रक लागू लागला.

निवडलेले उदाहरण : या लेखात आर्डुइनो उनो या फलकावरील एटीमेगा ३२८पी या चिपसाठी अनुयोजक कसा योजतात, ते मुख्यतः दिले आहे. आर्डुइनोचा उपक्रम इटलीतील इव्ह्‌रेआ येथे २००५ मध्ये सुरू झाला. उनो हा फलक २०१० मध्ये आला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांत तो सर्वांत परिचित झाला. त्यावरील चिप ८ बिटांची असून तिच्यात ३२ किलोबाइट फ्लॅश स्मृती, २ किलोबाइट चल स्मृती व १ किलोबाइट विद्युत् पुसट स्मृती असते. चिपचे कुल एव्हीआर या नावाचे असून त्याचा उगम नॉर्वेतील ट्रॉनहेम येथील तंत्रविद्या संस्थेत झाला. ॲटमेल कंपनीने ते बाजारात आणले व २०१६ मध्ये ती कंपनी मायक्रोचिपने घेतली.

या चिपमध्ये दोषशोधनासाठी डीबगवायर ही यंत्रणा आहे. तिला भूयोजनाखेरीज एकच तार लागते आणि ती तारही स्वतंत्र नसून रीसेटची, म्हणजे चिप पुन्हा आरंभापासून चालविण्याची पिनच त्या कामी वापरली जाते. २८ पिनांच्या चिपमध्ये दोषशोधनासाठी एकही पिन खर्ची पडू नये, हा तीमागील हेतू होय. या काटकसरीतूनच पुढे वर्णिलेल्या बहुतेक अडचणी उद्‌भवतात. डीबगवायरची संदेशपद्धती ॲटमेलने प्रसिद्ध केली नाही. केवळ विद्युत् जोडणीच्या अटी चिपच्या माहितीपत्रकात दिल्या. तारेवरील संकेतांचे निरीक्षण करून हौशी अभ्यासकांनी ती उलगडली व सर्वांस खुली केली. तीवर आधारलेली डीडब्ल्यू-लिंक यासारखी विनामूल्य आज्ञावली दुसऱ्या उनो फलकावर भरली की, तो फलक दोषशोधक बनतो. संगणकाशी तो जीडीबी या १९८६ पासून प्रचारात असलेल्या दोषशोधन आज्ञावलीच्या भाषेत बोलतो. घरी करावयाचा भाग उरतो तो या दोन फलकांमधील दुव्याचा.

एका तारेवरील संभाषण : डीबगवायरच्या तारेवर दोन्ही बाजू आळीपाळीने बोलतात. विसाव्याच्या स्थितीत तार एका रोधकाने धन दाबाकडे खेचून धरलेली असते. या रोधकाला पुल-अप रोधक म्हणतात. ज्या बाजूला बोलावयाचे असेल ती तार फक्त खाली, म्हणजे शून्य दाबाकडे ओढते. वर ढकलत नाही, केवळ सोडून देते. विहिरीवरील एकाच दोराला दोघांनी हात घातला, तरी दोघेही खालीच ओढणार असतील, तर दोर तुटण्याचे भय नसते, तसाच हा प्रकार आहे. अनुयोजकाने चुकून तार वर ढकलली आणि त्याच वेळी चिपने ती खाली ओढली, तर मात्र दोहोंमधून मोठा प्रवाह वाहील. म्हणून अनुयोजकाच्या पिनेशी एकसरीत २२० ओहमचा रोधक घालतात. नेहमीच्या अर्ध्या मिलिअँपिअर प्रवाहाला त्याच्या टोकांमधील दाब सु. ०.१ व्होल्ट एवढाच पडतो. परंतु वर सांगितलेल्या गफलतीत ५ व्होल्ट दाबाला प्रवाह २३ मिलिअँपिअरच्या आत राहतो व पिनेची ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा ओलांडली जात नाही.

एका बिटचा अवधी चिपच्या १२८ घटीस्पंदांइतका असतो. त्यामुळे १६ मेगॅहर्ट्‌झवर वेग दर सेकंदास १,२५,००० बिट आणि एका बिटचा अवधी ८ मायक्रोसेकंद होतो. चिपचा आंदोलक अंतर्गत असेल, तर त्याची कंप्रता कारखान्यातून येताना १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते. दहा बिटांच्या अक्षरात सु. ५ टक्क्यांहून अधिक फरक पडला, तर शेवटचा बिट चुकीचा वाचला जातो. तेव्हा ठरावीक वेग गृहीत धरून चालत नाही. अनुयोजकाने तार काही काळ खाली धरून सोडली की, चिप एक ठरावीक अक्षर पाठविते. त्यात शून्य व एक आळीपाळीने येतात, म्हणजे तारेवर समान रुंदीचे चढउतार दिसतात. अनुयोजक ते मोजून चिपचा वेग ठरवितो. हे मोजमाप काटेकोर व्हावे यासाठी उनोवरील आठ क्रमांकाच्या पिनेवर तार घेणे इष्ट असते. कारण चढउताराचा क्षण कालमापकात आपोआप टिपून ठेवण्याची सोय चिपने त्याच पिनेस दिलेली आहे.

धारित्राचा अडथळा : नवशिक्याचा पहिला प्रयत्न बहुधा येथेच फसतो. संगणकावरून नवी आज्ञावली भरताना उनो आपोआप रीसेट व्हावा, म्हणून यूएसबी जोडणीची चिप व रीसेट पिन यांमध्ये १०० नॅनोफॅराडचे धारित्र घातलेले असते. फलकावरील पुल-अप रोधक १० किलोओहमचा असतो. दोहोंचा गुणाकार, म्हणजे कालस्थिरांक, १ मिलिसेकंद येतो. एका बिटचा अवधी ८ मायक्रोसेकंद असल्याने तार सोडून दिल्यावर तिचा दाब पुरेसा वर चढण्याच्या आत शंभरावर बिट निघून जातात. साहजिकच संभाषण होत नाही. याउलट हातभर तारेची व पिनेची मिळून धारिता १०० पिकोफॅराड धरली, तर कालस्थिरांक १ मायक्रोसेकंद येतो व तो चालण्याजोगा असतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ज्या उनोची तपासणी करावयाची त्यावरील हे धारित्र तोडले पाहिजे आणि जोडतार शक्य तितकी, १५–२० सेंमी. च्या आत, आखूड ठेवली पाहिजे.

धारित्र तोडण्याची सोय फलकावरच केलेली असते. रीसेट-ईएन अशी अक्षरे असलेल्या ठिकाणी दोन तांब्याच्या ठिकऱ्यांमध्ये एक बारीक पट्टी असते. धारदार पात्याने ती कापावी. पुढे आपोआप रीसेट हवे झाल्यास त्या ठिकऱ्यांवर डाखाचा थेंब ठेवला की जोड पूर्ववत होतो. जो उनो दोषशोधक म्हणून वापरावयाचा, त्याची गरज नेमकी उलट असते. संगणकाने जोडणी उघडताच तो रीसेट होऊ नये, म्हणून त्याच्या रीसेट व भूयोजन यांमध्ये १० मायक्रोफॅराडचे धारित्र जोडतात. मात्र त्या फलकावर मुळात दोषशोधकाची आज्ञावली भरताना हे धारित्र काढलेले असावे. अनुयोजक फलकावर त्यासाठी एक छोटी खिटी योजणे सोयीचे पडते.

दाबपातळी : दोन्ही फलक ५ व्होल्टवर चालत असतील, तर दोन तारा जोडल्या की काम भागते व अनुयोजक म्हणजे केवळ तारांची व्यवस्थित मांडणी ठरते. परंतु तपासावयाची चिप ३.३ व्होल्टवर चालणारी असल्यास ५ व्होल्टची पिन तिला सरळ जोडणे धोक्याचे असते. अशा वेळी एन-मार्गी क्षेत्रपरिणाम ट्रँझिस्टरचे, उदा., बीएसएस १३८ चे, एक साधे व फार चतुर मंडल वापरतात. ट्रँझिस्टरचे गेट हे अग्र कमी दाबाच्या पुरवठ्यास, सोर्स हे कमी दाबाच्या तारेस व ड्रेन हे जास्त दाबाच्या तारेस जोडतात. कमी दाबाची बाजू खाली ओढली गेली की, गेट व सोर्स यांमध्ये दाब निर्माण होऊन ट्रँझिस्टर संवाहक बनतो व दुसरी तारही खाली येते. जास्त दाबाची बाजू खाली ओढली गेली, तर ट्रँझिस्टरच्या अंगभूत डायोडमधून प्रथम थोडा प्रवाह वाहतो, सोर्सचा दाब उतरतो आणि ट्रँझिस्टर संवाहक बनून बाकीचे काम पुरे करतो. अशा रीतीने दिशा निवडण्यासाठी कोणतेही वेगळे नियंत्रण न लागता एकच घटक दोन्ही दिशांचे काम करतो. चिपचा पुरवठा बंद असताना गेटला दाब मिळत नाही, म्हणून अनुयोजकाचा उच्च दाब चिपकडे जात नाही, हाही याचा एक लाभ होय.

या मंडलाच्या तयार पट्ट्या बाजारात मिळतात, पण त्यांवर दोन्ही बाजूंस १० किलोओहमचे पुल-अप रोधक असतात. उनोवर स्वतःचा १० किलोओहमचा रोधक आहेच. तेव्हा तशी पट्टी जोडल्यास तीन रोधकांचा प्रवाह एकट्या रीसेट पिनेला ओढावा लागतो, आणि माहितीपत्रकाप्रमाणे या तारेवरील रोधक १० किलोओहमहून लहान असू नये. म्हणून स्वतः आखलेल्या फलकावर चिपच्या बाजूचा रोधक खिटीने काढता-घालता यावा आणि अनुयोजकाच्या बाजूस ४७ किलोओहमचा रोधक वापरावा. तेव्हा ३.३ व्होल्टच्या बाजूने ०.३३ व ५ व्होल्टच्या बाजूने सु. ०.११, मिळून ०.४४ मिलिअँपिअर प्रवाह होतो. ५ व्होल्टला १० किलोओहम जोडल्यास होणाऱ्या ०.५ मिलिअँपिअरपेक्षा तो कमीच आहे.

डीबगवायर चालू करण्यापूर्वी आणि बंद केल्यानंतर चिपमधील काही निवडबिट बदलण्यासाठी सहा पिनांची नेहमीची भरणजोडणीही लागते. तीत पहिल्या पिनेपासून अनुक्रमे चिपकडून येणारी माहिती, धन पुरवठा, घटी, चिपकडे जाणारी माहिती, रीसेट आणि भूयोजन असा क्रम असतो. यांतील घटी व चिपकडे जाणारी माहिती या तारा एकाच दिशेच्या असल्याने त्यांसाठी ७४एएचसी१२५ ही चार प्रवर्तकांची चिप पुरते. तिला पुरवठा तपासावयाच्या फलकाकडून द्यावा, म्हणजे तिचा प्रदान दाब आपोआप त्या फलकाइतका होतो. काम नसताना तिचे प्रदान मोकळे सोडता येते व मूळ मंडलातील इतर घटकांशी झगडा होत नाही. चिपकडून येणारा ३.३ व्होल्टचा संकेत ५ व्होल्टच्या उनोला सरळ दिला तरी चालतो, कारण त्याच्या दृष्टीने ३ व्होल्टच्या वरचा दाब ‘एक’ मानला जातो; सवलत थोडी आहे, पण पुरेशी आहे.

पुरवठा : तपासावयाच्या चिपला पुरवठा नसताना तिच्या पिनांवर दाब दिला, तर तो संरक्षक डायोडांतून तिच्या पुरवठ्याच्या तारेवर पोहोचतो व चिप अर्धवट जागी होते. अशा चिपचे वर्तन बेभरवशाचे असते. रीसेट पिनेवर वरच्या बाजूचा असा डायोड नसतो, कारण तिला प्रसंगी १२ व्होल्ट सोसावे लागतात. इतर पिनांवर मात्र तो असतो. म्हणून घटी व माहितीच्या तारांत १ किलोओहमचे रोधक घालणे हिताचे असते.

डीबगवायर सुरू करण्यासाठी निवडबिट लिहिल्यावर चिपचा पुरवठा एकदा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. ही क्रिया हाताने तार उपसून करता येते. परंतु पी-मार्गी ट्रँझिस्टरच्या साहाय्याने ती उनोकडूनच करवून घेणे उत्तम. त्या ट्रँझिस्टरचे गेट १० किलोओहमच्या रोधकाने ५ व्होल्टला बांधले, तर आरंभी पुरवठा बंद राहतो. उनोच्या पिनेतूनच दुसऱ्या फलकाला पुरवठा देण्याचा मोह टाळावा. संपूर्ण फलकाला लागणारा प्रवाह त्या एका पिनेच्या मर्यादेच्या बाहेर जातो. तपासावयाचा फलक स्वतःच्या यूएसबी तारेवर चालू असेल, तर अनुयोजकाचा पुरवठा त्याला मुळीच जोडू नये. भूयोजन मात्र सामाईक असलेच पाहिजे.

चिप कुलूपबंद होण्याचा धोका : डीडब्ल्यूईएन हा निवडबिट शून्य लिहिला की, रीसेट पिनेचा मूळ स्वभाव बदलतो आणि नेहमीच्या भरणजोडणीला चिप प्रतिसाद देत नाही. चिप जळाली असे समजून ती फेकून देणारे पुष्कळ असतात. वास्तविक ती केवळ दुसरी भाषा बोलू लागलेली असते. डीबगवायरमधूनच एक विशिष्ट संदेश दिला असता ती यंत्रणा पुरवठा बंद होईपर्यंत निष्क्रिय होते, नेहमीची जोडणी पुन्हा खुली होते आणि त्या अवधीत निवडबिट पूर्ववत करता येतो. अर्थात हा संदेश देण्यास चालू स्थितीतील अनुयोजक लागतो. म्हणून अनुयोजकाची पूर्ण खात्री पटल्याखेरीज हा निवडबिट लिहू नये.

याहून गंभीर स्थिती कुलूपबिटांमुळे येते. कुलूपबिट लिहिलेले असताना डीबगवायर कार्यान्वित होत नाही. आर्डुइनोच्या फलकांवर आरंभक आज्ञावलीच्या रक्षणार्थ काही कुलूपबिट कारखान्यातच लिहिलेले असतात. ते काढण्याचा एकच मार्ग म्हणजे संपूर्ण चिप पुसणे; त्यात आरंभक आज्ञावलीही जाते व ती शेवटी पुन्हा भरावी लागते. प्रथम पुसणे व नंतर डीडब्ल्यूईएन लिहिणे हा क्रम कटाक्षाने पाळावा. उलट क्रमाने गेल्यास चिप दोन्ही मार्गांना मुकू शकते आणि मग रीसेट पिनेवर १२ व्होल्ट देऊन अनेक तारांनी करावयाच्या समांतर भरणपद्धतीखेरीज उपाय राहत नाही. तो उपाय करताना अनुयोजक काढून ठेवावा, अन्यथा ते १२ व्होल्ट त्याच्यावर येतील.

विरामबिंदू व झीज : आज्ञावली जेथे थांबवावयाची त्या ठिकाणास विरामबिंदू म्हणतात. या चिपमध्ये असा एकच बिंदू स्मृतीला हात न लावता ठेवता येतो. अधिक बिंदू हवे असल्यास त्या ठिकाणचा मूळ आदेश काढून त्या जागी थांबण्याचा आदेश लिहितात व मूळ आदेश बाजूस जपून ठेवतात. प्रत्येक बदलास फ्लॅश स्मृतीचे १२८ बाइटांचे संपूर्ण पान पुन्हा लिहावे लागते. या स्मृतीची हमी १०,००० लेखनांची असते. एका बैठकीत एखादे पान दोनशे वेळा लिहिले गेले, तर अशा पन्नास बैठकांत ती हमी संपते. म्हणून दोषशोधनास वापरलेली चिप अंतिम उपकरणात बसवून गिऱ्हाइकास देऊ नये, असे खुद्द निर्मात्याच्या माहितीपत्रकातच बजावलेले आहे. चांगल्या दोषशोधक आज्ञावल्या अनावश्यक लेखन टाळतात. तरीही अभ्यासासाठी एक चिप वेगळी राखून ठेवणे स्वस्त पडते.

फलकाची बांधणी : इतक्या कमी घटकांसाठी भोकांची तयार पट्टी पुरेशी वाटते; परंतु उनोवर ती सरळ बसत नाही. उनोच्या सात व आठ क्रमांकांच्या पिनांमधील अंतर २.५४ मिमी. च्या पटीत नसून ४.०६ मिमी. आहे. आरंभीच्या आराखड्यात राहून गेलेली ही विसंगती पुढील सर्व फलकांशी मेळ राहावा म्हणून तशीच जपली गेली. त्यामुळे एकतर पिना किंचित वाकवाव्या लागतात किंवा फलक स्वतः आखावा लागतो. कायकॅड या विनामूल्य आज्ञावलीत आराखडा काढून ताम्रलेपित पत्र्यावर तो उमटविता येतो व फेरिक क्लोराइडाच्या विद्रावाने नको असलेले तांबे काढून टाकता येते. घरी कोरताना पट्ट्यांची रुंदी ०.५ मिमी. पेक्षा कमी ठेवू नये आणि भोके ०.८ ते १ मिमी. व्यासाची पाडावीत. विद्राव कातडीवर व कपड्यांवर पिवळट तपकिरी डाग पाडतो आणि धातूंना खातो. तो धातूच्या भांड्यात घेऊ नये व वापरून झाल्यावर मोरीत ओतू नये. बीएसएस १३८ हा घटक फार लहान असल्याने त्यासाठी बारीक टोकाची डाखणी व चिमटा लागतो. हे सर्व सुटे घटक मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता (डॉ. भडकमकर मार्ग) किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथील दुकानांत मिळतात.

तयार फलक लगेच चिपला जोडू नये. प्रथम बहुमापकाने धन पुरवठा व भूयोजन यांत संक्षेप नाही, हे पाहावे. नंतर चिपशिवाय पुरवठा देऊन सहा पिनांच्या जोडणीवरील दाब मोजावेत. शेवटी तपासावयाचा फलक जोडून डीबगवायरची तार विसाव्यात असताना तिचा दाब पाहावा. तो पुरवठ्याच्या दाबाशी जवळजवळ सारखा असला पाहिजे. एखादा व्होल्ट जरी कमी भरला, तरी कोठेतरी नको असलेली गळती किंवा जादा रोधक आहे असे समजावे. सहा पिनांची जोडणी उलटी लावली गेल्यास पुरवठा भलत्याच पिनेवर जातो. पहिल्या पिनेची खूण फलकावर ठळक कोरण्यास अर्धा मिनिटही लागत नाही, पण ती न कोरल्याने गेलेल्या चिपांची संख्या मोठी असावी.

वापरातील सावधगिरी : आज्ञावली थांबली, तरी चिपला जोडलेले बाहेरचे जग थांबत नाही. विरामबिंदूवर आल्या क्षणी जी प्रदान पिन ‘एक’ स्थितीत असेल ती तशीच राहते. तिने तापक चालू केला असेल, तर तो तापतच राहतो. विद्युत् चलित्र फिरत असेल, तर टोकाचा खटका दाबला गेला, तरी त्याची दखल घेणारा आदेश चालत नाही. म्हणून दोषशोधन चालू असताना अशा भारांचा पुरवठा स्वतंत्र खटक्याने तोडता यावा किंवा त्यांच्या जागी दिवे लावून काम भागवावे. डीडब्ल्यूईएन लिहिलेला असेपर्यंत चिपच्या निद्रावस्थेतही घटीचे काही भाग चालूच राहतात व ती अधिक विद्युत् शक्ती घेते. विद्युत् घटावर चालणाऱ्या उपकरणाच्या प्रवाहाचे मापन अशा स्थितीत केल्यास ते चुकीचे येते.

इतर कुलांतील पद्धती : एव्हीआर कुलाच्या नव्या चिपांत डीबगवायरची जागा यूपीडीआय या एका तारेच्या दुसऱ्या पद्धतीने घेतली आहे. आर्मच्या कॉर्टेक्स-एम कुलात घटी व माहिती अशा दोन तारांची एसडब्ल्यूडी पद्धत आहे व ती प्रसिद्ध केलेली असल्याने कोणासही तीवर आधारलेला अनुयोजक करता येतो. घटी वेगळी असल्यामुळे वेग मोजण्याची खटपट राहत नाही. मात्र वेग कित्येक मेगॅहर्ट्‌झपर्यंत जात असल्याने वर वर्णिलेले मंद ट्रँझिस्टर मंडल तेथे अपुरे पडते. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या फलकावर घटी, भूयोजन व माहिती अशा तीन जागा याच कामासाठी ठेवलेल्या आहेत, आणि तसाच दुसरा पिको योग्य आज्ञावली भरून अनुयोजक म्हणून वापरता येतो. दोन्ही फलक ३.३ व्होल्टचे असल्याने तेथे दाबपातळीचा प्रश्नच उद्‌भवत नाही. या चिपमध्ये प्रत्येक प्रक्रियकास चार विरामबिंदू स्मृती न झिजविता ठेवता येतात. कॉर्टेक्स-एम चिपांसाठी १.२७ मिमी. अंतराची दहा पिनांची जोडणी रूढ असून तीत पहिली पिन तपासावयाच्या फलकाचा दाब दर्शविते, दुसरी माहितीची, चौथी घटीची व दहावी रीसेटची असते. इतक्या दाट पिनांना घरी डाख देणे कठीण असल्याने तिच्यापासून २.५४ मिमी. अंतराच्या पिनांपर्यंत तारा पसरून देणारा एक साधा फलक हौशी अभ्यासकाच्या पेटीत बहुधा असतोच. त्यावर कोणताही क्रियाशील घटक नसतो, तरी रूढ अर्थाने तोही अनुयोजकच होय.